पाटण्याच्या पायथ्याशी: सातमाळा-अजिंठ्याची रांग वाचायची कशी

चाळीसगावहून पाटणा गावाजवळच्या पाटणादेवीच्या रस्त्याला लागलं की कपाशीच्या शेतांपलीकडे दक्षिणेला एक लांबलचक, सपाट डोक्याची भिंत दिसायला लागते. नजरेत भरेल असं शिखर तिच्यावर नाही. पट्टी ठेवून रेघ मारावी तशी वरची कड पूर्व-पश्चिम गेलेली. बाहेरगावचा पाहुणा हमखास म्हणतो, "एवढाच डोंगर?" उंची मोजाल तर खरंच एवढाच. चाळीसगाव समुद्रसपाटीपासून साधारण 340 मीटरवर आणि घाट चढून वर गेलं की कन्नड त्याहून तीनेकशे मीटर उंच. पण या बुटक्या रांगेत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि तिच्याच पायथ्याच्या गाळात 25 हजार वर्षांपूर्वीच्या शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलेलं आहे. दोन्ही जागांमधलं अंतर तासाभराच्या चालीचंही नाही.

मी याच भागातला. दर हिवाळ्यात चार-सहा जणांना घेऊन इथे फिरतो. डोंगर चढायची सवय आहे, पण दगडामातीपाशी थांबून कधी पाहिलेलं नाही, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. पाय, डोळे, एक भिंग आणि सावकाश चालायची तयारी एवढ्यावर काम भागतं. मात्र क्रम पाळा: आधी नकाशा, मग कडा, मग नाला आणि सगळ्यात शेवटी नाल्याच्या काठची दरड. बहुतेक जण थेट दरडीवर जातात, पांढरं दिसेल ते उचलतात आणि हाती काहीच लागत नाही.

निघण्याआधी: घरी बसून नकाशा

सर्वे ऑफ इंडियाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. आपल्या भागाचा नकाशा घ्या, मोठ्या कागदावर छापा आणि रंगीत पेन्सिल घेऊन बसा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 20 मीटरच्या अंतराने असतात. त्या जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे कडा. जिथे फाकतात, तिथे पठार किंवा मैदान. अर्ध्या तासात एक गोष्ट ध्यानात येईल. उत्तरेच्या, म्हणजे आपल्या बाजूला रेषा दाटीने उभ्या आहेत आणि दक्षिणेकडे त्या सैल सुटलेल्या आहेत. म्हणजेच खानदेशातून पाहणाऱ्याला हा डोंगर दिसतो, मराठवाड्यातून येणाऱ्याला तो जवळपास दिसतच नाही. कन्नडकडून येताना सरळ शेतातून चालत यावं आणि अचानक पायाखालची जमीन संपावी, असंच होतं.

आता निळ्या पेन्सिलीने पाणी रंगवा. आपल्या बाजूला उतरणारी डोंगरी, तितूर, मन्याड ही सगळी गिरणेची लेकरं. पूर्वेला अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालणारी वाघूरही उत्तरेलाच उतरते. हे सगळं पाणी तापीतून अरबी समुद्राला जातं. कडेच्या पलीकडे पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला जातो. वरच्या पठाराच्या काठाशी उभं राहिलं की दोन समुद्रांचं पाणी वेगळं करणाऱ्या रेषेवर आपण असतो.

नवख्यांचा एक गोंधळ आधीच सोडवून टाकतो. पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. एक याच अजिंठ्याच्या रांगेत उगवून गोदावरीला जाते. दुसरी सातपुड्याच्या गाविलगड भागात उगवते आणि मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला मिळते. 'पूर्णेच्या खोऱ्यातले जुने गाळ' असं कुठे वाचलं तर कोणती पूर्णा ते आधी पाहा.

नावांचंही तसंच. नाशिक जिल्ह्यात या रांगेला सातमाळा म्हणतात, पूर्वेकडे अजिंठ्याचे डोंगर. सह्याद्रीपासून फुटून ती पूर्वेला बुलढाण्याच्या दिशेने जाते. मध्ये मनमाडजवळ ती इतकी खचलेली आहे की मुंबईकडून येणारी रेल्वे लासलगाव सोडून मनमाडला येईपर्यंत ही पाणलोटाची रेषा ओलांडते, आणि डब्यातल्या कुणाला पत्ता लागत नाही.

पायथ्याशी थांबा आणि पायऱ्या मोजा

पाटणादेवीला पोचल्यावर चंडिकामातेचं दर्शन घ्या. मग लगेच पुढे पळू नका. मंदिराच्या आवारातून समोरचा कडा दहा मिनिटं नुसता पाहत बसा. सकाळी दहाच्या आत ऊन तिरपं असतं, तेव्हा कड्यावरच्या आडव्या रेघा स्पष्ट उठतात. काळा उभा कातळ, त्याखाली झाडी धरलेला उतार, पुन्हा कातळ, पुन्हा उतार. किती जोड्या दिसतात ते मोजा आणि वहीत रेखाटन करा. फोटो काढा, पण रेखाटन सोडू नका. हाताने काढताना डोळ्याला जे दिसतं ते फोटोत निसटतं.

प्रत्येक उभा कातळ म्हणजे लाव्ह्याच्या एका थराचा घट्ट भाग. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग त्यावर पुढचा. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. थराच्या मधल्या भागात लाव्हा हळूहळू निवला म्हणून तिथला दगड भरीव आणि कणखर. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ, लवकर झिजणारा. त्या झिजेतून उतार तयार होतो आणि तिथेच झाडं मूळ धरतात. धवलतीर्थ आणि केदारकुंडाच्या धबधब्यांपाशी हीच रचना हाताच्या अंतरावरून पाहता येते. पाणी घट्ट थरावरून उडी मारतं आणि खालचा मऊ थर कोरत राहतं.

दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे वीटकरी रंगाचा पट्टा दिसेल. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली. मग नवा लाव्हा वरून आला आणि ती माती भाजून निघाली. मला स्वतःला कड्यावरची सगळ्यात बोलकी जागा हीच वाटते. काळा दगड लाव्ह्याचे दिवस सांगतो आणि हा तांबडा पट्टा मधली शांत वर्षं सांगतो.

पितळखोऱ्याची लेणी याच कड्यात, कन्नडच्या बाजूने पायऱ्या उतरून आहेत. पाटणादेवीहून दरीतूनही तिकडे वाट जाते, पण माहितगार बरोबर असल्याशिवाय ती धरू नका. लेणी पाहताना शिल्पांबरोबर छताकडे आणि खांबांच्या बुंध्याकडेही पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगडाचा घट्ट थर निवडला खरा, पण त्यातल्या भेगांतून पाणी पाझरत राहिलं आणि पुष्कळ काम ढासळलं. कोणता थर टिकतो आणि कोणता नाही, याचा याहून चांगला धडा नाही.

जीवाश्म कुठे नसतात, हे आधी शिका

"इथे डायनासोर सापडतात का?" शाळकरी मुलं हा प्रश्न विचारतातच, मोठेही विचारतात. या कड्यात सापडत नाहीत. धगधगत्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. डायनासोरची अंडी पाहायची तर सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात जावं लागतं. मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात, बागच्या परिसरात, 92 घरटी आणि 256 अंड्यांची नोंद 2023 साली प्रसिद्ध झाली. ती लाव्ह्याच्या आधीच्या, लॅमेटा नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकातली आहेत. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली आहेत.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळी साचली, त्यात गाळ बसला आणि वरून पुढचा लाव्हा आला, असंही काही ठिकाणी झालं. त्या गाळाच्या खडकात गोगलगायींचे शंख, ताडवृक्षांची लाकडं, मुंबईत तर चिमुकल्या बेडकांचे सांगाडेही सापडले. मध्य प्रदेशातलं मोहगाव कलां आणि घुघवाचं जीवाश्म उद्यान यासाठीच ओळखले जातात. म्हणून तांबड्या पट्ट्याजवळ किंवा दोन थरांच्या सांध्यावर पांढरट, पातळ पापुद्र्यांचा खडक दिसला तर थांबा आणि नोंद करा. पण आशा धरून जाऊ नका. खानदेशातल्या या बाजूचा खरा ठेवा लाव्ह्यात नाही, तो पायथ्याच्या गाळात आहे. लोक मान वर करून कडा पाहत राहतात आणि पायाखालच्या नाल्याला विसरतात.

नाल्यात उतरा: डोंगर खाली काय पाठवतो

पाणी ओसरलेल्या नाल्यात गोटे पाहत चाला. शंभर पावलं चाला, थांबा, वाकून एका हाताच्या टप्प्यात आलेले सगळे दगड नीट पाहा. नव्वद टक्के काळे, म्हणजे बेसाल्ट, निवलेल्या लाव्ह्याचा दगड. काहींची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. काहींच्या अंगावर पांढरे-हिरवट ठिपके. हे लाव्ह्यातले बुडबुडे आहेत, पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपलं आणि पोकळीत खनिजं भरली. जिओलाइट म्हणतात ती यातलीच. फैजपूरजवळच्या सावद्याच्या खाणींतली ही खनिजं जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत.

आणि मग एखादा वेगळाच गोटा हाताला लागतो. मेणासारखा गुळगुळीत, अर्धपारदर्शक, कधी दुधी, कधी मधाच्या रंगाचा, कधी गर्द तांबडा. हे अकीक, कॅल्सेडनी, जास्पर. तेही याच पोकळ्यांत तयार झालेले. हा दगड फुटतो तो काचेसारखा, धारदार कड देऊन. पाषाणयुगातल्या माणसाला डोंगराने दिलेलं हत्यारांचं सामान ते हेच. आत्ता जसं आपण नाल्यातून दगड निवडतो आहोत, तसंच तोही निवडत होता आणि याच नाल्यांतून.

एका गोष्टीची सवय लावून घ्या. दगड हातात घ्या, फिरवून पाहा आणि होता तिथेच, त्याच बाजूने ठेवा.

दरड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पायथ्याच्या नाल्यांनी दोन्ही काठ उभे कापलेले आहेत. काही ठिकाणी ते दोन-तीन पुरुष उंच आहेत. या दरडीत पिवळसर पोयटा, गोट्यांचे थर आणि चुनखडीचे खडे एकावर एक दिसतात. आपला अभ्यास इथे आहे.

हा गाळ आला कुठून? गेल्या हिमयुगाच्या काळात आपल्याकडे हवा आतापेक्षा कोरडी होती. पाऊस कमी, डोंगरावर झाडोरा विरळ. उतारावरची माती-दगड सुटून खाली येत राहिले आणि नाल्यांत ते वाहून नेण्याइतकं पाणी नव्हतं. म्हणून पायथ्याशी भर पडत गेली. पुढे पावसाळा जोरकस झाला, तेव्हा त्याच नाल्यांनी आपणच साचवलेला गाळ चिरला. आज जी उभी दरड दिसते ती या चिरण्यातून उघडी पडलेली.

दरड वाचायची ती खालून वर, कारण जुनं खाली आणि नवं वर. प्रत्येक थराचे चार प्रश्न विचारा. कण केवढे? मोठे गोटे असतील तर पाणी जोरात होतं, बारीक पोयटा असेल तर संथ. गोटे गुळगुळीत की टोकदार? गुळगुळीत दूरून आलेले, टोकदार जवळच्या उतारावरून घसरलेले. रंग कोणता? आणि चुनखडीचे खडे किती? या खड्यांकडे नवखे दुर्लक्ष करतात. पावसाचं पाणी मातीतून चुना घेऊन खाली झिरपतं आणि कोरड्या हवेत तो चुना खड्यांच्या रूपात गोठतो. खडे दाट असतील तर बराच काळ तिथे कोरडं हवामान होतं आणि जमीन फारशी हलली नव्हती.

याच चुन्यामुळे शहामृगाचं कवच टिकलं. अंड्याचं कवचही चुन्याचंच. आंबट, चुना धुऊन नेणाऱ्या मातीत ते विरघळून गेलं असतं. बेसाल्ट कुजून होणाऱ्या मातीत चुना भरपूर, म्हणून इथे ते राहिलं.

पाटण्याचं शहामृग

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे डॉ. एस. ए. साळी यांनी तापी खोऱ्यातल्या अश्मयुगाचा माग काढता काढता 1972-73 च्या सुमारास पाटण्याला उत्खनन केलं. एकाच जागी, एकावर एक, मध्य पुराश्मयुगापासून (पुराश्मयुग म्हणजे जुनं अश्मयुग) सूक्ष्म हत्यारांच्या काळापर्यंतचे थर त्यांना मिळाले. माणसाच्या हत्यारांत हजारो वर्षांत कसा बदल झाला हे अशा अखंड क्रमाने दाखवणाऱ्या जागा देशात मोजक्याच आहेत. उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली. त्यांचं वय सुमारे 25,000 वर्षं निघालं. कवचाचे मणी करायचे प्रयत्नही तिथे दिसले. आणि एक लहानसा तुकडा असा, की त्याच्यावर आडव्या रेघांच्या मध्ये फुल्या-फुल्यांची जाळी कोरलेली.

देशात चाळीसहून अधिक ठिकाणी शहामृगाची कवचं सापडली आहेत. त्यातल्या कित्येकांवरच्या रेघा माणसाने कोरलेल्या मानल्या जात होत्या. भिंगाखाली नीट पाहिल्यावर त्यातल्या पुष्कळ रेघा झाडांच्या मुळांनी पाडलेल्या निघाल्या. पाटण्याचा तुकडा मात्र त्या परीक्षेतही कोरीवच ठरला. नखाएवढ्या कवचावर सरळ रेघा, मग तिरप्या, मग त्यांना छेदणाऱ्या उलट तिरप्या, हे चुकून होत नाही. कुणीतरी इथे, या कड्याच्या सावलीत, गारगोटीचं टोक घेऊन मन लावून बसलं होतं. मी हे शेकडो वेळा सांगितलं असेल, तरी सांगताना अजून अंगावर काटा येतो.

आपल्याकडे शहामृग होतं हे कित्येकांना खरं वाटत नाही. 2017 साली राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशा जुन्या कवचांतून डीएनए मिळवला गेला. त्याचं आजच्या आफ्रिकेतल्या शहामृगाशी जवळचं नातं निघालं. कोरड्या हवेत इथे उघडी गवताळ रानं होती, त्याला ती मानवत. हवा बदलली, पक्षी नाहीसा झाला.

कवच ओळखायचं कसं, ते नीट समजून घ्या. कोंबडीच्या अंड्याची टरफलं कागदासारखी, बोटांनी चुरडतात. शहामृगाचं कवच जवळपास दोन मिलिमीटर जाड, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. अंडं वीतभर लांब असल्याने नखाएवढा तुकडा जवळजवळ सपाट वाटतो. डोळ्यासमोर आडवा धरला तरच किंचित बाक कळतो. रंग हस्तिदंती, पिवळसर, कधी करडा. बाहेरची बाजू गुळगुळीत आणि दहापट भिंगातून पाहिली तर तिच्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसतात. फसवणारे तीन आहेत. शिंपल्याचा तुकडा: त्याला मोत्यासारखी चमक असते आणि तो पापुद्र्यांत सुटतो. चुनखडीचा चपटा खडा: त्याला दोन नीट बाजू नसतात आणि आत खरखरीत दाणे असतात. आणि जत्रेत फुटलेली कपबशी! तिच्यावर काचेचा मुलामा असतो, तो चमकतो.

सापडलं तर काय करायचं

उचलायचं नाही. हे मी नियम म्हणून सांगतो, तसंच पोळलेला माणूस म्हणूनही सांगतो. कॉलेजात असताना एका पुरानंतर नाल्याच्या काठावर मला पांढरा, जाडसर तुकडा दिसला. हर्ष इतका झाला की मी तो काडेपेटीत घातला आणि घरी आणला. महिन्याभराने एका जाणत्या संशोधकांना दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली पाहिला आणि शांतपणे तीन प्रश्न विचारले. कोणत्या काठावर होता? दरडीत होता की खाली पडलेला? त्याच्या वर आणि खाली काय होतं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. पुन्हा त्या जागी गेलो, तोवर पुढच्या पुराने काठ ओढून नेला होता. तुकडा अजून माझ्याकडे आहे. तो शहामृगाचाच आहे, पण तो काहीही सांगू शकत नाही, आणि ते माझ्यामुळे. काडेपेटी उघडायची मला अजून हिंमत होत नाही.

म्हणून असं करा. तुकडा आहे तिथे राहू द्या. त्याच्या शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून जवळून फोटो घ्या. मग चार पावलं मागे सरकून संपूर्ण दरडीचा फोटो घ्या, त्यात तुकड्याची जागा कळली पाहिजे. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा. दरडीच्या माथ्यापासून तो किती खाली आहे ते मोजा. वर-खालच्या थरांचं वर्णन लिहा. मग ही माहिती पुरातत्त्व सर्वेक्षणाला, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पाठवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यानंतर तिथे पिकाव घेऊन लोक येतात.

कायदाही माहीत असू द्या. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतो, ते 1986 साली जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून दगड, माती, काहीही परवानगीशिवाय हलवता येत नाही. प्राचीन वस्तूंना 1958 आणि 1972 चे वेगळे कायदे लागू आहेत. उकरायचं तर नाहीच. अगदी काडीनेही नाही.

तयारी आणि जिवाची काळजी

धबधबे पाहायला पावसाळ्यात या, दगड वाचायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळा संपल्यावर दरडी ताज्या कापलेल्या असतात, गवत वाळलेलं असतं, ऊन सोसवतं. एप्रिल-मे मध्ये खानदेशचं ऊन डोक्यावर घेऊन नाल्यात फिरणं धोक्याचं आहे, ते टाळाच.

पावसाळ्यात नाल्याच्या पात्रात उतरू नका. 2021 च्या ऑगस्टअखेर एका रात्रीच्या पावसाने डोंगरी आणि तितूर फुगल्या, चाळीसगावात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली. पायथ्याशी ऊन असतं आणि वर पठारावर ढग फुटलेला असतो. ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही. कोरड्या दिवसांतही उभ्या दरडीच्या अगदी खाली बसून डबा खाऊ नका. पोयटा न सांगता ढासळतो.

दगड उलटवताना तो आपल्याकडे उचला, म्हणजे खाली काही असलं तर ते पलीकडे पळेल. फुरसं याच मुलखातलं. कड्यांवर आग्या मोहळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा नको. बिबट्या आहे. 2021 साली तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही इथे कॅमेऱ्यात टिपला गेला. अंधाराआधी बाहेर पडा.

पिशवीत पाणी (माणशी तीन लिटर), टोपी, घोट्यापर्यंतचे बूट, दहापट भिंग, मोजपट्टी, वही, शिसपेन्सिल, नकाशा. हातोडी घरी ठेवा. चाळीसगाव रेल्वेचं जंक्शन आहे, तिथून पाटणादेवी 18 किलोमीटर. एसटी मिळते, पण परतीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून घ्या. आणि गुराख्यांशी बोला. "कथा चालनात भाऊ?" (कुठे चाललात भाऊ?) असं कुणी अहिराणीत विचारलं तर घाईत उत्तर देऊन पुढे जाऊ नका. कोणता काठ यंदा ढासळला, कुठे नवे गोटे उघडे पडले, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पुढच्या फेऱ्यांसाठी

एवढं जमलं की धुळे-साक्री-नंदुरबारकडे जा. तिथे शेतांमधून काळ्या दगडाच्या सरळ, अरुंद टेकड्या मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. ज्या भेगांतून लाव्हा वर आला त्या भेगांतच तो गोठून राहिला, त्या या भिंती. साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली एक भिंत सुमारे 79 किलोमीटर लांब आहे. पाटण्याला जो लाव्हा आडवा पाहिला तो इथे उभा दिसतो. मग गिरणाकाठचं बहाळ आणि तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे. दोन्हीकडे ताम्रपाषाण काळातल्या वस्त्यांची उत्खननं झाली आहेत. शिकार सोडून शेतीला लागलेला माणूस तिथे भेटतो, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत.

पाटण्यातच रेंगाळायचं असेल तर मंदिराजवळ गणिती भास्कराचार्यांची आठवण काढा. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, त्याचा शके 1128 चा शिलालेख इथलाच. आपलं गाव सह्यपर्वताच्या आश्रयाला आहे, असं भास्कराचार्यांनी स्वतः लिहिलं आहे.

नोंद कशी करायची ते नमुन्यादाखल माझ्या वहीतून देतो, अशीच करत चला:

डिसेंबर, सकाळी 9.20. पाटण्याच्या खालचा नाला, डावा काठ. दरड अंदाजे साडेचार मीटर. तळाशी गोट्यांचा थर, गोटे मुठीएवढे, गुळगुळीत, बहुतेक बेसाल्ट, दोन अकीक. त्यावर पिवळा पोयटा, दोन मीटर, चुनखडीचे खडे दाट, वर जाताना विरळ. त्यावर टोकदार खड्यांचा पातळ पट्टा. माथ्यावर काळी माती, मुळं. पोयट्यात माथ्यापासून 1.8 मीटरवर जास्परचा एक चपटा तुकडा, एक कड धारदार, जागेवरच ठेवला, फोटो 14 ते 17. कवच दिसलं नाही.